पोटमाळ्यावरचा हेडफोन

मी एक हेडफोन बोलतोय. कानात खुपसायची ती चिमुकली बोंडं असतात, तसला नव्हे. अख्खा कान झाकणारा, दोन काळ्या वाट्यांचा, लांबलचक वायरीचा. आवाज कमी-जास्त करायला मला सांगू नका, ते माझ्या हातात नाही. मागून जेवढा येतो तेवढा मी पुढे ढकलतो. दयामाया माझ्यात बसवलेली नाही आणि तिची उणीव मला कधी भासलेली नाही.

ज्या कारखान्यात मी झालो तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई आमची परीक्षा घ्यायची. टेबलावर एक रबराचं डोकं होतं, त्याला रबराचेच दोन कान. त्यावर मला चढवलं, आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेला, काचेवर आकडे पळाले, बाईने मान डोलावली आणि मला खोक्यात टाकलं. तिच्या स्वतःच्या कानांत पिवळे बोळे होते. पूर्ण आवाजात मी काय करू शकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते रबराचं डोकं ठेवलेलं. खोक्यात माझ्या सोबतीला एक पातळ कागद होता, बारीक अक्षरांत कितीतरी भाषांमध्ये छापलेला. आवाज निम्म्याच्या फार वर नेऊ नका, तासाभराने कानांना सुट्टी द्या, कानात शिटी वाजू लागली तर थांबा, असं त्यावर होतं. त्या कागदाचं काय झालं ते पुढे येईलच.

दादरला स्टेशनजवळच्या एका दुकानात मी काही महिने काचेमागे लटकत होतो. एका संध्याकाळी हितेंद्र आला. फोर्टमधल्या एका ऑफिसात कारकून, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणं गरजेपेक्षा मोठ्या आवाजात. दुकानदाराने दोनदा मागे सरकून ऐकलं.

"मुलीला पाहिजे," हितेंद्र म्हणाला. "अभ्यासाला. बाहेरचं काही ऐकू नाही आलं पाहिजे."

"हा घ्या. बाजूला नाशिक ढोल वाजला तरी कळणार नाही."

हे खोटं होतं. मी बाहेरचा आवाज थोडा अडवतो, बाकीचा गाडून टाकावा लागतो आणि तो गाडायला वरचा आवाज वाढवावा लागतो. पण दुकानदाराचं खोटं उघडं पाडणं हे हेडफोनचं काम नाही.

हितेंद्रचं घर लालबागला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, तिच्या डोक्यावर निम्म्या लांबीचा पोटमाळा, वर चढायला लोखंडी शिडी. खोलीत हितेंद्र, त्याची बायको रुपाली, मुलगी प्राची आणि हितेंद्रचे वडील कुशाबा. कुशाबांनी पंचवीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढली. साचा म्हणजे माग. एका छपराखाली शेकडो साचे एकदम चालायचे. ते चालू असताना शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला कळायचं नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत आणि ओठ वाचत. गिरणी बंद पडली, जमिनीवर टॉवर उभे राहिले, आणि कुशाबा आपले दोन निकामी कान घेऊन घरी आले.

पण हे मी सांगतोय. त्या घरात 'बहिरा' हा शब्द कोणी उच्चारत नाही. कुशाबा म्हणतात, "माका सगळा आयकाक येता. तुमीच हळू बोलतास." मग सगळे मोठ्याने बोलतात. हितेंद्रने एकदा कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. चार दिवस घातलं आणि "कानात भांडी आपटतत" म्हणून काढून ठेवलं. ते यंत्र आजही कपाटात, चांदीच्या निरांजनाशेजारी, आपल्या डबीत आहे. रुपाली दर दिवाळीला डबी पुसते आणि परत तिथेच ठेवते.

म्हाताऱ्याचा टीव्ही सकाळी आठला लागतो आणि रात्री जेवणं झाल्यावर बंद होतो. आवाज असा की समोरच्या बिऱ्हाडातल्या बायकांना मालिका बघायला स्वतःचा टीव्ही लावावा लागत नाही. आणि त्या टीव्हीच्या बरोबर वर पोटमाळ्यावर प्राचीचा अभ्यास.

प्राचीला विमानतळावरच्या मनोऱ्यातली नोकरी हवी होती. विमानांना कधी उतरायचं, कधी उडायचं हे सांगणारी माणसं असतात ना, वैमानिकांशी अखंड बोलणारी, ती नोकरी. परेलच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली आणि तिने तोच ध्यास घेतला. खरखरत्या आवाजातली ती भराभर इंग्रजी वाक्यं तिला पाठ होती, भांडी घासतानाही ती बडबडत असे. त्या नोकरीत डोळ्यांइतकाच कान लागतो. कानात आलेला आकडा चुकला तर दोन विमानं एका रस्त्यावर येतात. हे तिला माहीत होतं, आणि तरीही जे झालं ते झालं.

आधी ती नायगावच्या अभ्यासिकेत जायची. तिथे शांतता होती, पंखे होते, आणि फोनच्या साध्या इअरफोनवर हळू आवाजात लेक्चरं ऐकता यायची. मग एके दिवशी घरात कुशाबा एकटेच असताना कुकरच्या शिट्या होत राहिल्या, डाळ करपली, कुकरमधून धूर येऊ लागला, आणि कुशाबा दोन हातांच्या अंतरावर बसून क्रिकेट बघत राहिले. शेजारच्या माणसाने धावत येऊन गॅस बंद केला. त्या रात्री जेवताना रुपाली म्हणाली, "मी आणि पप्पा कामावर जातो. बाबांजवळ कोणीतरी पाहिजे. बेल वाजली, कुकर झाला, दूधवाला आला..."

"म्हणजे मी," प्राची म्हणाली.

"वर बसून कर ना अभ्यास. पप्पा तुला हेडफोन आणतायत."

नीट ऐका. मुलीला घरी बसवलं ती म्हाताऱ्याचे कान म्हणून. आणि तिने बाहेरचं काही ऐकू नये म्हणून मला आणलं. या दोन गोष्टी एकत्र कशा चालणार, हे त्या जेवणाच्या ताटांभोवती कोणालाच सुचलं नाही. टीव्हीचा आवाज कमी करा, एवढं वाक्य सगळ्यांच्या जिभेवर होतं. ते म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला बहिरा म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून कोणी म्हटलं नाही.

मला खोक्यातून काढलं त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. टीव्हीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, रुपालीने माझा तो कागद न वाचता चौघडी करून त्या पायाखाली सरकवला आणि टेबल डगमगायचं थांबलं. दुसरी गोष्ट अशी की प्राची वायर सोडवत मला टीव्हीजवळ घेऊन बसली तेव्हा त्याच्या पाठीला धुळीने भरलेलं एक छोटं गोल भोक मला दिसलं. ते माझ्याच मापाचं होतं. मला तिथे खुपसून कुशाबांच्या कानांवर चढवलं असतं तर खोली त्याच मिनिटाला शांत झाली असती. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी होऊन सांगायचा माझा स्वभाव नाही.

सुरुवातीला प्राचीने आवाज निम्म्यावर ठेवला. खाली बातम्या लागल्या की पाऊणवर. खाली सासू-सुनांचं रडणं सुरू झालं की शेवटच्या टोकाला. तिथे गेलं की तिच्या फोनवर एक पाटी यायची, या आवाजाने कानांना इजा होऊ शकते. ती अंगठ्याने 'ठीक आहे' दाबायची. चौदा महिन्यांत तिने ते किती वेळा दाबलं असेल ते फोनला विचारा. पुढे पुढे ती पाटी वाचायचीही नाही, माशी हाकलावी तशी हाकलायची.

दिवसाचे नऊ-दहा तास मी तिच्या डोक्यावर असे. घामाने वाट्यांचं कातडं सोललं, आतला स्पंज दिसू लागला. मला मजा येत होती, हे लपवत नाही. दुकानातून विकत आणलेल्या वस्तूला कोणी एवढं महत्त्व देत नाही. तिच्या आईची हाक, दाराची बेल, खालच्या म्हाताऱ्याचं खोकणं, सगळं माझ्याखाली दबून जात होतं. दोन वेळा दूधवाला परत गेला. रुपालीने प्राचीला फैलावर घेतलं, आणि प्राचीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

चाळीतलीच तिची मैत्रीण अनुजा एकदा शिडीवरून डोकं वर काढून बराच वेळ हात हलवत होती.

"किती ओरडायचं तुला? आणि आवाज केवढा ठेवलायस? तुझा सर काय शिकवतोय ते मला शिडीवर ऐकू येतंय."

"मग शिक ना तू पण. फुकटात आहे," प्राची म्हणाली.

अनुजा हसली. मीही हसलो. हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं कळेनासं झालं की आवाज जास्त झालेला असतो, इतकी सोपी खूण आहे ती. हसण्यावारी नेली की कुठलीही खूण संपते.

मग शिटी आली. एके दुपारी तिने मला काढून ठेवलं आणि म्हणाली, "मम्मी, कुकर लागलाय का?" रुपाली घरात नव्हतीच. कुकर फळीवर पालथा होता. प्राची उठून बाहेर गॅलरीत जाऊन आली, कोणाचा मिक्सर चालू आहे का बघून आली, परत बसली. थोड्या वेळाने शिटी विरली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि जास्त वेळ राहिली. आठवड्याभरात ती वस्तीलाच आली. त्या शिटीवर तिने उपाय काढला. मला डोक्यावर चढवलं आणि आवाज अजून वर नेला, की शिटी ऐकू येत नसे. आजाराला आजाराचंच औषध द्यायचं हे माझ्या पथ्यावर पडलं.

आता तुम्ही म्हणाल, घरातल्यांना कळलं कसं नाही? तीच तर त्या घराची गंमत. त्या घरात जेवायला हाक मारत नाहीत, पळीने शिडीवर ठोकतात. झोपलेल्याला उठवायला नाव घेत नाहीत, दिवा दोनदा लावून विझवतात. एखादी गोष्ट सांगायची तर समोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून, मोठ्याने सांगतात. या सगळ्या सवयी कुशाबांसाठी लागलेल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी त्या लागल्या आहेत हे कबूल करायची सोय नव्हती. बहिऱ्या माणसासाठी मांडलेल्या घरात दुसरं माणूस बहिरं झालं तर ते कोणाच्या ध्यानात येणार?

एका माणसाच्या आलं.

कुशाबा ओठ वाचण्यात मुरलेले. समोरचा आपल्या डोळ्यांत बघतोय की तोंडाकडे, हे त्यांना लगेच कळतं. गणपतीच्या दिवसांत खाली रस्त्यावर बेंजो वाजत होते, घरात पाहुणे होते, आणि प्राची मोदकाचं ताट घेऊन फिरत होती. कुशाबांनी तिला मागून हाक मारली. ती वळली नाही. ते उठून तिच्या पुढ्यात आले आणि काहीतरी बोलले. ती हसून म्हणाली, "देते ना आजोबा, अजून दोन." मी शिडीच्या खिळ्याला लटकत होतो. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. आवाज मात्र आला नाही. गलक्यात बुडाला असेल म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतर म्हातारा बदलला. दुपारी टीव्ही चालू ठेवूनच ते शिडीखाली येऊन काठीने ठोकायचे. प्राची मला गळ्यात उतरवून खाली वाकायची. ते तिला साचेखात्यातल्या खुणा शिकवू लागले. अंगठा ओठांना लावला की चहा. नसलेल्या मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय, कामाला लागा. दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींत अडकवायच्या आणि झटकन सोडवायच्या, म्हणजे धागा तुटला, साचा थांबव. प्राचीला त्या चटकन यायच्या. शिडीवर बसून ती खुणेनेच चहा विचारायची आणि कुशाबा खुणेनेच दोन बोटं दाखवायचे, दोन चमचे साखर.

"बघा हो, आजोबा-नातीचं किती जमलंय," रुपालीने शेजाऱ्यांना सांगितलं. हितेंद्रने त्या खुणांचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पन्नास लोकांनी अंगठे दाखवले. कुशाबा इतके खुशीत होते की प्रभादेवीला मंगळवारी दर्शनाला जाताना चाळीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "माझी नात इमानां उतरवतली."

आणि प्राची पास झाली. लेखी परीक्षेत उत्तम गुण, तोंडी चाचणीतही निभावली. समोर बसलेल्या दोघांच्या ओठांवर नजर ठेवून तिने सगळी उत्तरं दिली, आणि ती किती एकाग्र आहे असं त्यांना वाटलं. पेढे वाटले गेले. मलाही हळदकुंकू लागलं, खोटं नाही सांगत. रुपालीने फोनला, वह्यांना आणि मला एका पाटावर मांडून कुंकू लावलं. माझ्या उजव्या वाटीवर त्याचा डाग अजून आहे.

उरली होती वैद्यकीय तपासणी. प्राची मला पिशवीत घालून घेऊन गेली, शुभ म्हणून. एका काचेच्या खोलीत तिला बसवलं आणि तिच्या डोक्यावर माझा एक भाऊबंद चढवला. उजवी वाटी तांबडी, डावी निळी. सभ्य गृहस्थ. त्याचं काम म्हणजे जितकं हळू बोलता येईल तितकं हळू बोलायचं. आवाज आला की बटण दाबा, असं तिला सांगितलं. पिशवीच्या उघड्या तोंडातून मी बघत होतो. तो बारीक स्वर काढायचा आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत स्वस्थ बसायची. मग तो गप्प असताना तिने तीन-चारदा बटण दाबलं. तिची स्वतःची शिटी तिला परीक्षेचा स्वर वाटली होती.

आठवड्याने मेल आला. अपात्र. नवा अहवाल जोडून महिन्याच्या आत अपील करता येईल, असं खाली लिहिलं होतं.

"त्यांचं मशीन बिघडलं असणार," हितेंद्र म्हणाला. "आपल्या घरात कोणाला कानाचा त्रास नाही."

रुपालीने म्हाताऱ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. "बाबांना नका सांगू एवढ्यात," ती म्हणाली. म्हातारा समोर बसून तिचे ओठ बघत होता.

दादरला शिवाजी पार्काच्या बाजूला कान तपासायचं एक छोटं केंद्र आहे. तिथल्या वैदेहीमॅडमनी पुन्हा सगळी तपासणी केली, दोनदा केली, मग कागदावर एक रेघ दाखवली. रेघ बरीच लांब सरळ चालते आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली येते.

"हेडफोन वापरता?"

प्राचीने मला टेबलावर ठेवलं.

"रोज जेवढा आवाज असतो तेवढा लावा."

प्राचीने लावला. मी नेहमीसारखा बोलू लागलो. मॅडमनी माझ्या वाटीत एक छोटं यंत्र धरलं आणि आकडा हितेंद्रकडे फिरवला. एकशे तीन डेसिबल.

"एवढ्या आवाजात दिवसाला काही मिनिटं चालतात. तुम्ही किती तास ऐकता?"

"नऊ," प्राची म्हणाली. "कधी दहा."

मॅडमनी आकडा कागदावर लिहून घेतला. मग त्यांनी सांगितलं की कानात अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात आणि आवाज त्या पकडतात. डोक्यावरचे केस कापले तर परत येतात, या मेल्या की मेल्या. औषध नाही, ऑपरेशन नाही. शिटीची सवय करून घ्यायची.

"शिटी कधीपासून आहे?"

"गेल्या पावसाळ्यापासून."

"तेव्हाच आला असतात, निदान गणपतीपर्यंत जरी, तर एवढं गेलं नसतं. तपासणीतून पार पडला असतात कदाचित." त्या बोलत होत्या आणि प्राची त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मॅडमच्या ते लक्षात आलं. "ओठ वाचायला कुठे शिकलात? घरी कोणाला कमी ऐकू येतं?"

"नाही," हितेंद्र म्हणाला. रुपाली पदराशी चाळा करत बसली. मग हितेंद्रच म्हणाला, "माझ्या वडिलांना. थोडंसं. वयामुळे."

तिघं घरी आली. कुशाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते, मागे टीव्ही कोकलत होता. हितेंद्र चपला काढत म्हणाला, "ट्रॅफिक होतं बाबा, उशीर झाला." कुशाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते नातीकडे बघत होते. प्राचीने पिशवी खाली ठेवली, दोन तर्जन्या एकमेकींत अडकवल्या आणि सोडवल्या. धागा तुटला.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. हितेंद्र आणि रुपाली आत गेली, रुपालीच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. तो दारातल्या दोघांपैकी कोणालाच ऐकू आला नाही.

"माका म्हायत होता," कुशाबा म्हणाले.

प्राचीने त्यांचे ओठ वाचले. बरोबर वाचले की नाही याची तिला खात्री वाटेना. "काय माहीत होतं?"

"तुझे कान. गणपतीत मागसून हाक मारलंय, तू वळलंस नाय. फुडे येवन नुसता तोंड हलवलंय, आवाज काढूक नाय. तरी तुका समाजला."

म्हणजे त्या दिवशी आवाज गलक्यात बुडाला नव्हता. म्हाताऱ्याने काढलाच नव्हता. त्याने तिची परीक्षा घेतली होती, रबराच्या डोक्यावर माझी घेतली होती तशीच.

"मग सांगितलं का नाही?" प्राची म्हणाली. "आजोबा, तेव्हा सांगितलं असतं तर..."

"कान गेले म्हणान खात्यात कोण सांगी? जो सांगी तो घराक जाय." म्हाताऱ्याने हातातली काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि तू माझ्यावांगडा बोलूक लागलंस. घरात दुसरा कोण बोलता माझ्यावांगडा?"

मी बरेच आवाज पोचवले आहेत, पण इतकं साधं आणि इतकं भयंकर वाक्य माझ्यातून कधी गेलेलं नाही. म्हाताऱ्याला सोबत हवी होती. नातीचे कान जात होते आणि तो ते मन लावून बघत होता, कारण जितके जातील तितकी ती त्याच्या जवळ येत होती. मी निदान वस्तू आहे.

प्राची ताठ उभी राहिली. तिने पिशवीतून मला काढून गळ्यात अडकवलं, सवयीने. मग उजवा हात उचलून तोंडावर आडवा धरला. ओठ पूर्ण झाकले गेले. त्या हाताआडून ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही मराल ना आजोबा, तेव्हा मी वर अभ्यास करत असेन. काठी ठोकू नका. मला ऐकू येणार नाही."

कुशाबा खुर्चीत पुढे झुकले. कानामागे हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तसा हात धरलेला मी पाहिला.

"काय म्हटलंस?"

प्राचीने हात खाली घेतला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि अंगठा ओठांना लावला. चहा.

म्हातारा हसला. त्याने दोन बोटं दाखवली.

या गोष्टीला आता चार महिने झाले. अपील केलं नाही. प्राची एका ऑफिसात संगणकावर आकडे भरते, तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. कपाटातली डबी निरांजनाशेजारून हलली, तिच्यातलं यंत्र वैदेहीमॅडमनी तिच्या कानासाठी बसवून दिलं. ते घातलं की तिलाही भांडी आपटल्यासारखं होतं, पण ती काढून ठेवत नाही.

आणि मी? एका रविवारी हितेंद्र टीव्हीमागची धूळ पुसायला बसला आणि त्याला ते भोक सापडलं. त्याने पोटमाळ्यावरून मला आणलं, वायर खुपसली आणि मला बापाच्या डोक्यावर बसवलं. एका क्षणात खोलीतला आवाज बंद झाला. टीव्हीवर माणसं तोंडं हलवत राहिली. कुशाबांचा चेहरा उजळला, त्यांनी आवाज शेवटच्या टोकाला नेला. त्यांच्या कानांत जे थोडंबहुत उरलं आहे ते आता मी घेतोय.

"केवढी शांतता झाली," रुपाली म्हणाली. "आधीच का नाही सुचलं आपल्याला?"

हितेंद्र टेबल जागेवर सरकवत होता. पायाखालची चौघडी सुटून बाहेर आली. त्याने उलगडली, उजेडात धरून दोन ओळी वाचल्या, मग पुन्हा घडी केली आणि पायाखाली सरकवली, कारण टेबल डगमगत होतं.

माझं आता फार दिवसांचं काम नाही. वाट्यांचा स्पंज गळतोय, डाव्या बाजूला वायर तुटत आलीय. एक दिवस भंगारवाला नेईल. जायच्या आधी तुम्हाला एवढंच सांगतो, आणि हे दयेने सांगत नाही, माझा तो पिंड नाही. आत्ता तुमच्या कानांवर माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला मिनिटभर उतरवा आणि नुसते बसा. घरातली माणसं कशी बोलतात ते ऐका. काहीच ऐकू न येता एखादी शिटी तेवढी येत असेल, तर कोणाच्या भिडेखातर गप्प बसू नका. आणि घरात कोणी तुमच्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघून बोलत असेल, तर ते त्याला आजच सांगा. त्याची सोबत कितीही गोड वाटत असली तरी सांगा.

आमच्या खोलीत आता इतकी शांतता असते की शिडीखालून हलक्या आवाजात 'प्राची' म्हटलं तरी पोटमाळ्यापर्यंत सहज ऐकू जातं. रुपाली अजून पळीनेच ठोकते.